स्क्रूवरचा लाल ठिपका

माणूस ओळखायचा असेल तर त्याची बैठकीची खोली बघू नये, मीटरचा बोर्ड बघावा. बैठकीत सोफा असतो, झुंबर असतं, भिंतीवर थोरामोठ्यांबरोबरचे फोटो असतात. बोर्ड उघडला की आत चिकटपट्टीत गुंडाळलेले सांधे आणि फ्यूजच्या जागी घातलेली जाडजूड तार. मी तीस वर्षं या शहरातले बोर्ड उघडतोय. त्यामुळं माणसांच्या बाबतीत आपण फसत नाही, अशी माझी समजूत होती. यंदाच्या चैत्रात ती समजूत मोडली.

माझं नाव कारभारी. परवान्याचा वायरमन. गाव देवगाव रंगारी, राहणं मुकुंदवाडीत. तोंडानं फटकळ आहे हे मला ठाऊक आहे. नसतं ठाऊक तरी माझी बायको सारजा रोज आठवण करून देते.

माझी कामाची एक रीत आहे. स्क्रू आवळला की त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. अर्धा स्क्रूच्या डोक्यावर, अर्धा शेजारच्या पट्टीवर. पुढं स्क्रू सैल झाला किंवा कुणी फिरवला की ठिपका तुटतो आणि लगेच दिसतं. वर्षातून एकदा तपासायला गेलो की नुसते ठिपके बघत जायचं. तुटका दिसला की तिथं थांबायचं, शाबूत असेल तर पुढं. सारजा म्हणते, माझ्या नखांना जन्मात रंग लागला नाही, पण शहरातल्या निम्म्या बोर्डांना लागलाय.

वायरमनांमध्ये ही रीत माझ्याशिवाय एकालाच माहीत होती. बन्सीला. आयटीआयमध्ये आम्ही एका बाकावर होतो, आणि त्यानंतर अठ्ठावीस वर्षं एका गाडीवर. मी पुढं, तो पाठीमागं, मध्ये हत्यारांची पिशवी. मी स्क्रू दुसऱ्यांदा आवळायला लागलो की तो हसायचा, म्हणायचा, "आवळ बाबा, इश्वास पानपतातच गेला." दरवर्षी खंडेनवमीला आमच्या दोघांच्या पकडी, टेस्टर, पेचकस एकाच पाटावर मांडले जायचे. हळदीकुंकू व्हायचं, झेंडूची फुलं वाहायची, आणि त्या पाटावर नेलपॉलिशची नवी बाटलीही असायची. पूजा झाली की मी निम्मी बाटली त्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून द्यायचो. ओवाळायला माझी मोठी बहीण मनकर्णा असायची. आम्ही दोघंही तिला अक्का म्हणतो. राखीही ती दोघांना बांधते.

अक्काबद्दल थोडं सांगतो, कारण सगळी गोष्ट तिचीच आहे. आई लवकर गेली, मला अक्कानं वाढवलं. पोहायलासुद्धा तिनंच शिकवलं. मळ्यातल्या विहिरीवर माझ्या पाठीला वाळका भोपळा बांधला आणि म्हणाली, "मार उडी, म्या हाय." मी मारली. पुढं तिचं लग्न झालं, मूलबाळ झालं नाही, नवरा वारला, आणि दहा वर्षांपूर्वी मी तिला माझ्याकडं घेऊन आलो. तिला फुकटचं खाणं नको होतं. म्हणून मी तिला बीड बायपासच्या बाजूला हेमचंद्रराव वकिलांच्या बंगल्यावर काम लावून दिलं.

या वकीलसाहेबांनी बंगल्यामागं स्विमिंग पूल बांधला होता. ज्या शहरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, आणि पाणी यायच्या दिवशी बायका कामावर खाडा करतात, तिथं यांनी टँकर लावून पूल भरला. निमित्त होतं त्यांच्या आईचं. अंबिकाबाईंना गुडघ्यासाठी डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं होतं. आजीबाई दोनदा उतरल्या, गार लागतं म्हणाल्या, आणि पुन्हा तिकडं फिरकल्या नाहीत. पूल मात्र राहिला. त्याची मोटर राहिली, मोटरीला जोडलेली गाळणी राहिली, आणि गाळणीची जाळी आठवड्यातून दोनदा धुवायचं काम अक्काकडं राहिलं.

तिथली सगळी वायरिंग मी आणि बन्सीनं केली होती. पाणी आणि वीज शेजारी शेजारी नांदवायची म्हणजे सासू-सुनेला एका चुलीवर बसवण्यासारखं आहे. म्हणून मी कुठं कसूर केली नाही. ईएलसीबी बसवली. ही खटक्याची डबी. वीज कुठं जरा गळायला लागली की खटका आपोआप पडतो आणि लाइन तुटते. माणसाला चटका बसेल, पण जीव जाणार नाही. अर्थिंगचा खड्डा खणला, त्यात मीठ-कोळसा भरला, आणि उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत जा म्हणून बजावलं. अक्काला तर मी एकच गोष्ट शिकवली, "जाळीला हात लावायच्या आधी ह्यो खटका हातानं खाली पाडायचा. बाकी सगळं इसरलीस तरी चालंल, हे इसरायचं नाय." ती मला तेच परत म्हणून दाखवायची, शाळेतल्या पोरीसारखी.

चैत्रातल्या एका दुपारी वकीलसाहेबांच्या पत्नीचा, भानुमतीबाईंचा फोन आला. "कारभारी, लवकर या. मनकर्णाबाईंना करंट लागला. घाटी दवाखान्यात नेतोय."

मी घाटीत पोचलो तेव्हा अक्का खाटेवर होती. उजवा तळवा जळला होता, दोन बोटं काळी पडली होती, खांद्याचं हाड मोडलं होतं. मोटरीनं तिला फेकून दिलं म्हणून ती वाचली, चिकटली असती तर वाचली नसती, असं डॉक्टर म्हणाले. मी जवळ गेलो, "अक्का" म्हणालो. तिनं डोळे उघडले, माझ्याकडं एकदा बघितलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. मला वाटलं, वेदना असतील. पण रात्रभर सारजा जवळ होती, तिच्याशी ती बोलली. माझ्याशी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंगल्यावर गेलो. पूलच्या कडेला मोटरची छोटी खोली आहे. दार उघडलं तर जळक्या प्लॅस्टिकचा वास अजून कोंडलेला. मोटर जागेवर जाम झाली होती. तिच्याकडं जाणारी वायर वितळून भिंतीला चिकटली होती, आतलं तांबं उघडं पडून मोटरच्या लोखंडी अंगाला टेकलं होतं. म्हणजे सगळी मोटर जिवंत, आणि आवाज मात्र नाही. अक्काला वाटलं असणार, बंद आहे.

मग मी ईएलसीबीकडं बघितलं. खटका खाली होता.

मी तिथंच खाली बसलो. खटका खाली असेल तर मोटरीत वीज येणारच नाही. आली कुठून? मी जळकी वायर बोटानं धरून मागं मागं जात राहिलो. ती डबीकडं जातच नव्हती. डबीच्या पट्टीमागून वर चढली होती, व्हरांड्यातल्या एका बटणातून फिरून सरळ मेनच्या मोठ्या स्विचला जोडली होती. डबीवर उरले होते फक्त पाण्यातले शोभेचे दिवे. दारात पहारेकरी बसवायचा आणि मागची भिंत पाडून रस्ता करायचा, तसला प्रकार. बाहेर बघितलं तर अर्थिंगच्या खड्ड्यावर छान गुलाबी फरशी बसवलेली. पूलमध्ये टँकर रिचवणाऱ्यांना त्या खड्ड्यात बादलीभर पाणी जड झालं होतं.

मेनच्या स्विचवर, त्या नव्या जोडाच्या स्क्रूवर, एक लाल ठिपका होता. शाबूत.

मला आठवलं. फेब्रुवारीत मी वर्षाच्या तपासणीला आलो होतो. ठिपके बघितले होते, सगळे शाबूत होते. डबीचं बटण दाबून बघितलं होतं, खटका पडला होता, पाण्यातले दिवे विझले होते. म्हटलं, ठीक. मोटर तेव्हा बंद होती. खोलीच्या दाराला लटकवलेल्या कार्डावर मी लिहिलं होतं, 'तपासले, ठीक आहे', आणि खाली सही.

मी खिशातून भिंग काढलं. चाळिशी लागल्यापासून ते बाळगतो. मी ठिपका देतो तेव्हा ब्रश डावीकडून उजवीकडं जातो, त्याची बारीक शेपूट उजवीकडं राहते. या ठिपक्याची शेपूट डावीकडं होती. बन्सी डावरा आहे.

त्या क्षणी मला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, माझी त्याच्याशी ओळख आहे. मी स्क्रूसकट ती पट्टी सोडवली आणि खिशात घातली.

तेवढ्यात वकीलसाहेब आले. हातात कागद होता. घरच्या माणसाशी बोलावं तसं खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कारभारी, झालं ते फार वाईट झालं. मनकर्णाबाईंचं सगळं आम्ही बघू, तुम्ही काळजी करू नका. फक्त एक कागद लागेल. विद्युत निरीक्षकांकडून विचारणा होईल, त्याआधी आपलं व्यवस्थित असलेलं बरं."

कागदावर सुंदर मराठीत टाइप केलं होतं, की वायरिंग निर्दोष होती, उंदरांनी वायर कुरतडली, आणि सदर महिलेनं वारंवार सूचना देऊनही खटका बंद न करता ओल्या हातानं यंत्राला स्पर्श केला.

"खटका खाली आहे, साहेब," मी म्हणालो.

"तो नंतर कोणी पाडला असेल."

"आणि वायर सरळ मेनला कुणी जोडली?"

त्यांचा आवाज आणखी मऊ झाला. "हे बघा, कार्डावर सही तुमची आहे. फेब्रुवारीची. दोष निघाला तर तुमच्यावर निघेल. मी तुम्हाला वाचवतोय. तुम्ही आमचे घरचे आहात."

घरचे! वीस वर्षं मी या शब्दावर खूश होतो. दिवाळीचा फराळ, आजीबाईंची विचारपूस, "कारभारीला विचारा" हे बोलणं. आता कळलं, घरचा म्हणजे घरातलं पायपुसणं.

"बन्सीनं सही केली का?" मी अंदाजानं विचारलं.

"त्यांची हरकत नाही. ते आत्ता खुलताबादला आहेत, आमच्या फार्महाउसच्या कामावर, नाहीतर ते स्वतःच..." साहेब बोलता बोलता थबकले. वकील माणूस, पण जीभ घसरली.

या कामाची मला गंधवार्ता नव्हती.

मी कागद घडी करून खिशात घातला आणि गाडी खुलताबादच्या डोंगराकडं काढली. दौलताबादचा घाट चढताना मागची जागा रिकामी आहे, हे पहिल्यांदाच अंगाला जाणवलं. वाटेत मी बन्सीला घालायच्या शिव्या ठरवत होतो. चांगल्या जमल्या होत्या. पण घाट संपेपर्यंत एकच विचार उरला, की तो म्हणावा, "मी नाही केलं." त्यानं तेवढं म्हटलं असतं तर मी त्या डाव्या शेपटीकडंही डोळेझाक केली असती.

नव्या बांधकामात तो स्टुलावर उभा राहून पाइप ठोकत होता. एकटाच. मला बघून हातोडी थांबली.

"अक्का कशी हाय?" त्यानं विचारलं.

"गेला व्हतास का बघायला?"

"निघणारच व्हतो."

मी पट्टी त्याच्यासमोर धरली. "कुणाचा ठिपका हाय ह्यो?"

तो म्हणाला, "तुपलाच."

"माझी शेपूट उजवीकडं जाती, बन्स्या."

तो स्टुलावरून उतरला आणि विटांच्या ढिगावर बसला. मग सांगायला लागला. डिसेंबरमधली गोष्ट. मोटरचं सील गळत होतं, ओल आत जात होती, आणि ईएलसीबी आपलं काम चोख करत होती, घडीघडी पडत होती. सील पुण्याहून यायला आठ दिवस लागणार होते. रविवारी साहेबांच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, दीडशे माणसं जेवायला. मी तेव्हा सासूच्या दहाव्याला सोयगावला होतो.

"साहेब म्हनले, एका दिसाचा सवाल हाय, कायतरी करा. म्या केलं. रव्वारपुरतं."

"मंग सोमवारी?"

"सोमवारी राह्यलं. साहेबांना व्हरांड्यातून बटण बरं वाटाया लागलं. मंग राहूनच गेलं."

"राहून गेलं," मी म्हणालो. "अन् ठिपका? त्यो बी राहून गेला का? त्यो कह्याला दिला?"

तो पायाखालच्या विटेचा तुकडा अंगठ्यानं सरकवत होता. "तू उघडू नये म्हून," तो म्हणाला.

मला वाटतं, माझा हात उठला होता. त्यानं तोंड चुकवलं नाही. उलट तोच बोलायला लागला, आणि त्याचा असा आवाज मी अठ्ठावीस वर्षांत ऐकला नव्हता. "तू भांडला असतास साहेबाशी. जिथं तिथं भांडतोस. तुझ्या तोंडापायी किती गिऱ्हाइकं तुटली आपली? अन् लोक मला काय म्हनत्यात ठाऊक हाय? कारभारीचा माणूस. अठ्ठावीस वर्सं पिशवी धरून मागं बसलो, मला नावच नाय. साहेब म्हनले, फार्महाउस तुम्ही एकटेच करा, कारभारीची कटकट नको. मला बरं वाटलं. खोटं कह्याला बोलू?"

यातलं बरंचसं खरं होतं, आणि म्हणून जास्त लागलं. पिशवी त्याच्याकडंच का असते, हे मी कधी मनात आणलं नव्हतं. पण नाव हवं होतं तर मागायचं होतं, भांडायचं होतं, माझ्या थोबाडीत मारायची होती. माझ्याच रंगानं माझे डोळे बांधले त्यानं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

"बाटली दे," मी म्हणालो.

"काय?"

"खंडेनवमीची. माझी निम्मी बाटली दे."

त्यानं पिशवीतून काढून दिली. त्याचे डोळे भरले होते. मी बघितलं, आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही. गाडीला किक मारताना तो मागून म्हणाला, "अक्काला सांगू नको. म्या सोता येऊन सांगन." तो कधी आला नाही.

तिसऱ्या दिवशी सारजाला घरी पाठवून मी अक्काजवळ थांबलो. वरणभात कालवून घास भरवायला लागलो. चार घास तिनं मुकाट्यानं खाल्ले.

"अक्का," मी म्हणालो, "खटका खाली व्हता. तू पाडला व्हतास."

"मंग?" ती म्हणाली. "न पाडता हात लावीन का मी?"

मग छताकडं बघत म्हणाली, "कारभारी, एक इच्यारू? तुला ठाऊक व्हतं का?"

"काय?"

"बन्सी वायर काढीत व्हता, तव्हा म्या त्याला चहा घेऊन गेले व्हते. म्या इच्यारलं, हे काय करतोस? कारभारीला सांगितलंस का? त्यो म्हनला, त्याला इच्यारूनच करतोय अक्का, तू नेहमीवानी खटका पाड अन् बिनघोर हात लाव." तिनं जळक्या हाताकडं बघितलं. "तुपलं नाव घेतलं म्हून म्या फुडं काय बोलले नाय. आता तीन दिस झाले, एवढंच डोक्यात फिरतंय. माझ्या भावाला ठाऊक व्हतं, तरी त्यानं मला सांगितलं नाय."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. वायर जोडली ते एक. ठिपका दिला ते दुसरं. पण माझं नाव घेऊन माझ्या बहिणीचा हात त्या मोटरीवर ठेवला, हे मला बन्सीनं सांगितलंच नव्हतं.

"नाय अक्का," मी म्हणालो. "आईच्यान नाय. मला कायबी ठाऊक नव्हतं."

ती पहिल्यांदा रडली. तीन दिवसांत दुखण्यानं रडली नव्हती, ती आता लहान मुलासारखी हमसून रडली. "मंग झालं," ती म्हणाली. "हाताचं काय, हुईल बरा."

इथंच थांबायला हवं होतं, असं सारजा म्हणते. पण अर्धं खरं सांगून मोकळा होणारा माणूस मी नुकताच विटांच्या ढिगावर बघून आलो होतो. मी म्हणालो, "पन अक्का, फेब्रुवारीत मी तपासाया आलो व्हतो. ठिपका शाबूत दिसला, अन् सही केली."

"उघडून नाय बघितलं?"

"नाय."

तिनं डाव्या हातानं डोळे पुसले. मी पुढचा घास केला, तो तिनं खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी विद्युत निरीक्षकाकडं गेलो आणि माझ्या हातानं जबाब लिहून दिला. आधी माझं लिहिलं, की फेब्रुवारीत न उघडता सही केली. मग बन्सीचं, मग वकीलसाहेबांचं. ठिपक्याची पट्टी आणि साहेबांचा टाइप केलेला कागद दोन्ही जोडले. अक्काच्या नावापुढं लिहिलं, 'हिनं शिकवलेलं सगळं बरोबर केलं होतं.' निरीक्षक म्हणाले, असं वाक्य जबाबात नसतं. मी म्हटलं, माझ्या जबाबात असतं. संध्याकाळी वकीलसाहेबांचा फोन आला, की तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. मी म्हटलं, पाय माझाच आहे, साहेब, तुमच्यासारखा दुसऱ्याचा नाही शोधला.

चौकशी चालू आहे. फार्महाउसचं काम थांबलंय. माझा परवाना तोवर जमा आहे. धंदा बंद, पण मी रिकामा नाही. ज्या ज्या घरी माझे ठिपके आहेत त्या घरी जातो, आणि तिथला वायरमन बोलावून त्याच्याकडून एकेक बोर्ड उघडून घेतो. लोक म्हणतात, ठिपका तर शाबूत आहे की हो. मी म्हणतो, असू द्या, उघडा.

जूनच्या सुरुवातीला अक्का घरी आली. उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत. ती डाव्या हातानं चहा करायला शिकतेय, निम्मा सांडतो, आणि त्याबद्दल पातेल्याला बोलणी बसतात. माझ्याशी ती पूर्वीसारखीच बोलते. रागावते, हसते, सारजाच्या तक्रारी करते. मला वाटलं, निभावलं.

तिच्या खोलीतला बोर्ड जुना झाला होता. ती यायच्या आधी मी तो काढून नवा बसवला, नवी वायर ओढली, घरापुरती नवी ईएलसीबी बसवली. परवाना नसला तरी स्वतःच्या घरात कोण विचारतो. संध्याकाळी ती खाटेवर बसून लसूण सोलत होती, मी उंबऱ्यावर टेकलो होतो. आभाळ भरून आलं होतं, खोलीत दिसेनासं झालं.

"अक्का, लाव गं दिवा," मी म्हणालो.

ती उठली, बोर्डापाशी गेली. डावा हात वर केला. बटणापासून बोटभर अंतरावर तो थांबला.

"उघडून बघितलंय का?" तिनं विचारलं.

"म्याच बसवलाय, अक्का."

"ते नाय इच्यारलं."

"बघितलंय," मी म्हणालो. "सगळं उघडून बघितलंय. दोनदा."

ती तशीच उभी राहिली. खरंच लावायचा होता तिला, हे मला दिसत होतं. मग तिनं हात मागं घेतला आणि पदराखाली झाकला.

"तूच लाव," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

बन्सीनं माझ्याकडून काय नेलं, ते मला तेव्हा कळलं. परवाना परत मिळेल, कामं मिळतील. हे मिळणार नाही. विहिरीच्या काठावर ती "मार उडी" म्हणाली होती, तेव्हा पाठीच्या भोपळ्याची गाठ मी एकदाही चाचपली नव्हती.

मी उठलो, तिच्या शेजारून हात घातला आणि बटण दाबलं.